वाऱ्याचे धनी

ज्या कार्याविषयीं सर्वांचें एकमत असतें त्या कार्याची नैतिक चिकित्सा करणें फार कठीण जातें. वाईट कृत्याकडे मनुष्य सावधपणें पाहतो. चांगल्या कृत्याचा जमाखर्च मात्र सहसा कोणी मागत नाहीं. आजचें असें सर्वमान्य कार्य म्हणजे देशाची वीज कोळशाऐवजीं सूर्य आणि वारा यांपासून काढण्याचें. सन २०२१ च्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथें भारतानें जगास वचन दिलें कीं, २०३० पर्यंत खनिज इंधनावांचून चालणारी पांच लक्ष मेगावॉट क्षमता आम्ही उभी करूं. २०२५ सालीं एकट्या पवनचक्क्यांचीच क्षमता पन्नास हजार मेगावॉटांच्या पलीकडे गेली. हे आंकडे अभिमानास्पद आहेत यांत संशय नाहीं. परंतु या कार्याचा भार कोण सोसतो, लाभ कोण घेतो, आणि ही वांटणी कोण ठरवितो, असें विचारणें म्हणजे कार्यास विरोध करणें नव्हे. चांगल्या कार्यालाच हे प्रश्न अधिक शोभतात.

हे प्रश्न आम्ही चिरनेरपासून मांडूं इच्छितों. चिरनेर आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत आहे; १९३० सालीं तें कुलाबा जिल्ह्यांतील पनवेल तालुक्यांत मोडत असे. त्या वर्षीं मिठाच्या सत्याग्रहामागून पावसाळा आला आणि महाराष्ट्रांतील कायदेभंगाची चळवळ समुद्रकांठ सोडून जंगलांत शिरली. जुलैंत लोकनायक अणे यांनीं पुसद येथें जंगलचा कायदा मोडला. २५ सप्टेंबर रोजीं चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गांवांचे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमले. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही मारले गेले; सरकारी बाजूचेहि कांहींजण, त्यांत पनवेलचे मामलेदार, प्राणांस मुकले. त्या आठांच्या नांवांत पाटील, म्हात्रे व घरत आहेत, कोळी आहे, न्हावी आहे आणि कातकरीहि आहे.

चिरनेरची आठवण आपण स्वातंत्र्याच्या इतिहासांत जपून ठेविली आहे, आणि तें योग्यच झालें. पण त्या दिवशीं डोंगरावर जो प्रश्न उभा होता तो आजच्या भाषेंत ऊर्जेचाच प्रश्न होता. खेड्याची ऊर्जा म्हणजे चुलींतलें लांकूड. १८७८ च्या कायद्यानें पिढ्यान् पिढ्यांचा हा व्यवहार परवान्याखालीं आला आणि मोळी आणणारा गुन्हेगार ठरूं लागला. सरकारचें म्हणणें असें कीं, जंगल राखणें हें सर्वांच्याच हिताचें आहे. या म्हणण्यांत सत्याचा अंश नव्हता असें नाहीं. उघडे पडलेले डोंगर कोंकणास परवडणारे नव्हेत. परंतु तेंच जंगलखातें कूप पाडून ठेकेदारांस लिलावानें देई, तेव्हां हें रक्षणव्रत आड येत नसे. म्हणजे लोकहित हा शब्द खरा असूनहि त्यांतील ‘लोक’ कोण हें सरकारनेंच ठरविलें होतें, आणि त्या लोकांत चिरनेरच्या लोकांची गणना नव्हती.

चिरनेरच्या नऊ वर्षें आधीं मुळशी पेट्यांत हाच प्रश्न प्रत्यक्ष विजेच्या संबंधांत उपस्थित झाला होता. नीला व मुळा यांच्या संगमापाशीं टाटांच्या कंपनीनें धरण बांधावें, तें पाणी कोंकणांत उतरवून भिरा येथें वीज काढावी, आणि तीवर मुंबईच्या गिरण्या चालवाव्या, अशी ती योजना होती. भांडवलदार स्वदेशी, धूर नाहीं, कोळसा नाहीं. आज जिला स्वच्छ वीज म्हणतात तीच ही. १६ एप्रिल १९२१ रोजीं सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट यांनीं कारावास पत्करला. १९२४ पर्यंत लढा मावळला, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें विद्युत्केंद्र चालूं झालें. भाताच्या खाचरांवर पाणी चढलें. ज्यांच्याकडे जमिनी गहाण होत्या त्या सावकारांस मोबदल्याची रक्कम दिसत होती. कसणाऱ्याच्या दृष्टीपुढें पाण्यावांचून फारसें कांहीं नव्हतें. वीज स्वच्छ असली म्हणून तिचा व्यवहार स्वच्छ असतोच असें नाहीं, हा धडा महाराष्ट्रानें शंभर वर्षांपूर्वींच घेतला आहे.

धरणाच्या मानानें पवनचक्की ही अगदीं निरुपद्रवी वस्तु वाटते. तिला खाण नको, गांव बुडवावयास नको. तिचा धूर नाहीं, राख नाहीं. तरी तिला डोंगर लागतो, आणि त्याचें कारण निसर्गनियमांत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्यांतील शक्ति आठपट होते. म्हणून थोड्या अधिक वेगासाठींहि यंत्र उंचावर नेणें परवडतें. सह्याद्रीचे सडे आणि पठारें याचसाठीं निवडण्यांत आलीं. सातारा जिल्ह्यांत ठोसेघरच्या पुढें चाळकेवाडीच्या पठारावर आणि पाटण तालुक्यांत वनकुसवडे येथें गेल्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या आरंभीं शेंकडों चक्क्या उभ्या राहिल्या. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत त्या माळांवर जो वारा सुटतो त्यांतच त्यांच्या वर्षाच्या विजेचा मोठा भाग निघतो. जो वारा गुराख्यास घोंगडी घट्ट ओढून घ्यावयास लावी, त्याला आतां बाजारभाव आला.

या चक्क्यांचे धनी कोण झाले? डोंगरावरचे लोक झाले नाहींत. ते गरीब म्हणून झाले नाहींत, असें उत्तर सहज सुचतें. पण तें पुरें नाहीं. प्राप्तिकराच्या नियमांत त्या काळीं पवनचक्कीच्या किंमतीवर पहिल्याच वर्षीं शेंकडा शंभर घसारा धरण्याची मुभा होती. समजा, एखाद्या कंपनीनें एक कोटीची चक्की घेतली आणि तिच्या नफ्यावरील कर शेंकडा पस्तीस आहे; तर त्या वर्षाच्या करांत पस्तीस लक्षांची बचत होई. हा कर कायमचा माफ होत नसे, पुढील वर्षांवर ढकलला जाई, हें खरें. परंतु आज हातांत असलेले पस्तीस लक्ष आणि दहा-वीस वर्षांत थोडेथोडे सुटणारे पस्तीस लक्ष यांतील अंतर व्यापाऱ्यास शिकवावें लागत नाहीं. त्यामुळें विजेच्या धंद्याशीं ज्यांचा सुतराम संबंध नव्हता अशा कंपन्याहि चक्क्यांच्या मालक झाल्या.

आतां दुसरी बाजू पाहावी. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाहीं. डोंगरावरच्या चार गांवांनीं मिळून कसेंबसें भांडवल उभें केलें असतें, तरी ही सवलत त्यांच्या फारशा उपयोगाची नव्हती. कारण वजावट घालावयास आधीं करपात्र नफा हवा. सरकारनें शेतकऱ्यास मनाई केली नाहीं. नुसती अशी व्यवस्था केली कीं, जो आधींच पुष्कळ मिळवितो त्यालाच वाऱ्यापासून आणखी मिळावें. वाऱ्याचा धनी कोण हें डोंगरावर ठरलें नाहीं. तें कराच्या एका नियमानें ठरलें. आणि तो नियम करणाऱ्यांच्या मनांत कोणाचें वाईट करण्याचा हेतु नव्हता, म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक जरूर आहे. अन्यायासाठीं दुष्ट माणूस लागतोच असें नाहीं. नियम लिहितांना ज्याची आठवण झाली नाहीं, त्याच्यावर तो आपोआप होतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. घसारा मिळे तो चक्की उभी केल्याबद्दल. ती किती फिरली याबद्दल नव्हे. पुढें हा घसारा शेंकडा ऐंशींवर आला. २००९ च्या डिसेंबरांत युनिटमागें पन्नास पैसे उत्तेजन देण्याची योजना निघाली, तेव्हां फिरण्यालाहि मोल आलें. २०१२ च्या मार्चअखेर ही योजना आणि वाढीव घसारा दोन्ही थांबलीं, आणि पुढील वर्षीं नव्या चक्क्यांचें प्रमाण आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर उतरलें. २०१३ सालीं उत्तेजन परत आलें, २०१४ सालीं घसारा परत आला, आणि २०१७ पासून तो शेंकडा चाळिसांवर आणला गेला. वारा तोच, डोंगर तेच, देशाची गरजहि तीच. बदलली ती करांतील वजावट. देशसेवेची किती ओढ कोणास होती, हें त्या एका वर्षाच्या आंकड्यानें दाखवून दिलें.

आतां कोणी म्हणेल कीं, असल्या सवलतीवांचून हा धंदा जन्मासच आला नसता. तान्ह्या मुलास चालावयास शिकवितांना बोट द्यावेंच लागतें. आणि तें मूल चालूं लागलें हेंहि दिसत आहे. २०१७ च्या फेब्रुवारींत केंद्राच्या पहिल्या लिलावांत वाऱ्याच्या विजेचा दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर आला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गुजरातच्या लिलावांत तो २ रुपये ४३ पैशांपर्यंत उतरला. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. राज्यानें नव्या उद्योगास हात द्यावा, यांत गैर कांहीं नाहीं. आमचा आक्षेप वेगळा आहे. शेतकऱ्याच्या पंपाच्या विजेंत दिलेली सूट म्हणजे खिरापत, आणि कारखानदाराच्या करांत दिलेली सूट म्हणजे उत्तेजन, अशी भाषा सुशिक्षितांच्या तोंडीं रुळली आहे. दोन्ही रकमा एकाच तिजोरींतून जातात. एक घेणारा लाचार आणि दुसरा घेणारा राष्ट्रसेवक, हा भेद रकमेंत नसतो; तो आपल्या नजरेंत असतो. ज्यानें सार्वजनिक पैसा घेतला त्याच्यावर सार्वजनिक हिशेबाचें ऋण असतें, मग तो पंपवाला असो कीं चक्कीवाला.

या ऋणांतून सरकारहि सुटत नाहीं. २०१० सालीं कोळशाच्या प्रत्येक टनावर पन्नास रुपये उपकर बसला, आणि हा पैसा स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठीं आहे असें सांगण्यांत आलें. २०१६ पर्यंत उपकर टनामागें चारशें रुपयांवर गेला. २०१७ च्या जुलैंत वस्तु व सेवा कर आला तेव्हां हा उपकर जाऊन त्याच्या जागीं तितकाच दुसरा उपकर आला, आणि तो पैसा राज्यांच्या महसुलाची तूट भरून देण्याकडे वळला. राज्यांची तूट भरणें हें कांहीं पाप नव्हे. परंतु ज्या देवाच्या नांवानें वर्गणी गोळा केली त्याच्याच उत्सवास ती लागावी, हा नियम खेड्यांतल्या पंचांनाहि ठाऊक असतो.

पैशाचा हिशेब एक वेळ कागदावर तरी राहतो. डोंगराचा राहत नाहीं. भीमाशंकरचें अभयारण्य शेकरूच्या रक्षणासाठीं केलेलें आहे. त्याला लागून असलेल्या सह्याद्रीच्या माथ्यावरील रानांत पवनचक्क्यांस परवानगी मिळाली, आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनें आपल्या २०११ च्या अहवालांत त्या प्रकरणाची दखल घेतली. तेथील रान दाट व समृद्ध असून त्यांत शेकरूचा वास आहे, असें स्थानिक वनाधिकाऱ्यानें लिहून ठेविलें असतांहि वरिष्ठांनीं तें बाजूस सारलें. अवजड पातीं व मनोरे वर नेण्यासाठीं उतारांवर रस्ते कापले गेले आणि दरडी कोसळल्या. हवा शुद्ध राखण्याच्या कार्यासाठीं रान तोडावें, आणि जें कारकुनास दिसलें तें साहेबास दिसूं नये, यांत नवें तें काय? अक्कादेवीच्या डोंगरावर जंगलरक्षणाच्या नांवानें माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. भीमाशंकरापाशीं पृथ्वीरक्षणाच्या नांवानें झाडांवर कुऱ्हाड पडली. नांवें उदात्त होतीं. विचारलें मात्र कोणासच गेलें नाहीं.

ज्यास विचारलें जात नाहीं तो आपल्या परीनें उत्तर शोधतो. २००३ च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हां साताऱ्या-सांगलीकडील पुष्कळ शेतकरी म्हणत कीं, या चक्क्या ढग पळवून लावतात. सुशिक्षितांनीं या समजुतीस हंसण्यावारी नेलें. शास्त्रदृष्ट्या ती चूक आहे हें खरेंच. पाऊस आणणाऱ्या ढगांचा व्यापार त्या पात्यांच्या कितीतरी वर आणि शेंकडों कोसांच्या विस्तारावर चालतो. पण त्या चुकीच्या वाक्यांत एक खरी तक्रार होती: आमच्या माथ्यावर हें काय चाललें आहे, आणि त्यांत आमचें काय? पुढें भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रांतील खेड्यांत दिवसाकाठीं बारा-बारा तास वीज नसे, तेव्हां तर ही तक्रार आणखीच समजण्यासारखी होती. चक्कीची वीज तारांच्या जाळ्यांत जाते, पायथ्याच्या गांवास ती वेगळी काढून देतां येत नाहीं, हें उत्तर तांत्रिक दृष्टीनें बरोबर आहे. नैतिक दृष्टीनें तें अपुरें आहे.

येथें दुसरा आणि अधिक कठीण आक्षेप येतो. डोंगराची एवढी कींव करणाऱ्यांनीं आपल्या घरांतला दिवा कशावर जळतो हें पाहिलें आहे काय? २०२५ सालीं देशाच्या विद्युत्क्षमतेचा अर्धा भाग खनिज इंधनाविना चालणारा झाला. परंतु त्या वर्षीं प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेचा दोनतृतीयांशांहून अधिक हिस्सा कोळशाचाच होता, कारण वारा पडतो आणि सूर्य मावळतो. चंद्रपूरचें २,९२० मेगावॉटांचें औष्णिक केंद्र मुंबई-पुण्याच्या सुखासाठीं रात्रंदिवस धगधगतें, आणि त्याची राख व धूर चंद्रपूरकरांच्या वांट्यास येतो. तेव्हां ‘डोंगरास हात लावूं नका’ म्हणून आपण स्वस्थ बसलों तर तो भार नाहींसा होत नाहीं. तो चंद्रपूरच्या माथ्यावर तसाच राहतो. आणि कोळशाच्या धुरानें समुद्र चढला तर त्याचें पहिलें पाणी उरणच्या खारलंडांत व आगरांतच शिरावयाचें. निष्पाप वीज कोठेंच नाहीं. आपणांस निवड करावयाची आहे ती भाराची वांटणी कशी करावी याची.

आमच्या मतें या वांटणीची कसोटी त्याग आणि बळी यांतील भेदांत आहे. दोहोंतहि कांहींतरी गमवावें लागतें. पण त्याग देणारा देतो आणि बळी घेणारा घेतो. चिरनेरला जे गेले ते आपल्या पायांनीं डोंगर चढले होते. त्यांस कोणीं हांकून नेलें नव्हतें. म्हणून आपण त्यांस हुतात्मे म्हणतों. मुळशीच्या कुणब्यास राष्ट्राच्या उद्योगासाठीं शेत दे असें सांगितलें गेलें, पण ‘नाहीं’ म्हणण्याचा मार्ग त्याला ठेविला नाहीं. ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्या होकारास त्याग म्हणणें ही भाषेची फसवणूक आहे. राष्ट्रहिताची गोष्ट असली तरी हा भेद पुसला जात नाहीं. उलट ज्याला आपण राष्ट्र म्हणतों त्यांत हा मनुष्यहि मोडतो कीं नाहीं, याचीच येथें परीक्षा होते.

नाहीं म्हणण्याचा अधिकार द्यावा, तर कोणतेंच काम पुरें होणार नाहीं, अशी भीति घातली जाते. ती आम्हांस खरी वाटत नाहीं. मनुष्य बहुधा भागीदारीस नकार देत नाहीं. तो हुसकावून लावण्यास नकार देतो. याचा दाखला दूर शोधावयास नको. चिरनेरच्याच तालुक्यांत, जासई व दास्तान फाटा येथें, १९८४ च्या जानेवारींत नव्या मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले, आणि गोळीबारांत पांचजण गेले. त्या लढ्यांतून पुढें साडेबारा टक्क्यांचें तत्त्व निघालें: नुसती किंमत देऊन भागणार नाहीं, घेतलेल्या जमिनीच्या प्रमाणांत विकसित जमिनीचा वांटा मूळ धन्यास परत मिळाला पाहिजे. अंमलबजावणींत दिरंगाई झाली, पण तत्त्व मोलाचें आहे. किंमत दिली कीं संबंध तुटतो. वांटा दिला कीं संबंध राहतो.

हें तत्त्व उद्योगासहि लागू पडतें हें महाराष्ट्रानें सिद्ध केलें आहे. १९५० च्या सुमारास लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊंस पिकविणाराच कारखान्याचा धनी झाला. सहकाराचे पुढें जे दोष दिसले ते आम्हांस ठाऊक आहेत. तथापि ऊंसाचा सहकार होऊं शकतो तर वाऱ्याचा कां होऊं नये? कोपनहेगनच्या बंदराबाहेर समुद्रांत २००० सालीं वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील निम्म्या आठ हजारांहून अधिक नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. तेथील वारा आमच्या वाऱ्याहून अधिक लोकशाहीवादी आहे असें नव्हे. तेथें सामान्य गृहस्थास चक्कीचा भाग घेतां येईल अशी सोय केली गेली, आणि येथें वजावटीची सोय केली गेली, एवढाच फरक. २००६ च्या वनहक्क कायद्यानें, म्हणजे चिरनेरनंतर शहात्तर वर्षांनीं, आपल्या रानाविषयीं बोलण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. त्या अधिकारास वाट्याची जोड मिळाली, तर डोंगरावरच्या चक्कीकडे गांव परक्याच्या नजरेनें पाहणार नाहीं.

आतां जुन्या झालेल्या चक्क्या उतरवून त्याच जागीं मोठ्या चक्क्या बसविण्याचा काळ आला आहे. म्हणजे करार पुन्हां लिहिले जाणार, आणि पहिल्या वेळीं ज्यांची आठवण झाली नाहीं त्यांची आठवण करण्याची संधि पुन्हां येणार. त्या वेळीं प्रत्येक युनिटमागें कांहीं पैसे डोंगरावरच्या गांवाचे म्हणून वेगळे काढावे, आणि घेतलेल्या प्रत्येक सवलतीचा हिशेब त्या गांवाच्या चावडीवर लागावा, एवढी मागणी अवास्तव नाहीं. त्यामुळें आमच्या-तुमच्या बिलांत कदाचित् थोडी वाढ होईल. शहरांतील सुशिक्षित कुटुंबें स्वच्छ विजेचें कौतुक तोंड भरून करतात. त्या वाढीस तीं कुरकुर न करतां तयार होतात कीं नाहीं, यावरून त्या कौतुकाची किंमत कळेल.